खाल्ल्या मिठाला जागून

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ नावाचा धडा आहे. साताऱ्याच्या शाळेत मी तो दरवर्षी शिकवतो. फळ्याच्या मधोमध रेघ ओढतो. एका बाजूला कोळसा, डिझेल, वायू यांचे फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. मुलं उतरवून घेतात आणि तास संपतो. गेल्या वर्षी मात्र एका मुलीनं हात वर केला. “सर, एवढे तोटे आहेत तर लोकांनी हे वापरायला सुरुवातच कशाला केली?”

मी पुस्तकी उत्तर दिलं. साठवता येतं, कुठंही नेता येतं, पाहिजे तेव्हा पेटवता येतं. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं माझ्या घरात आहे, कारण मी डिझेल इंजिनच्या मिस्त्रीचा मुलगा आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. अब्बांचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक शेड. नोझल साफ करणं, पिस्टनच्या रिंगा बदलणं, फ्युएल पंप बसवणं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. रात्री दोन वाजता कुणी कडी वाजवली की अम्मी न विचारताच कंदील पेटवायची. ऊस वाळत असायचा, इंजिन बंद पडलेलं असायचं. “मिस्त्री, चला” एवढंच बाहेरून ऐकू यायचं. अब्बा पान्यांची पिशवी उचलून निघायचे.

हे काम आमच्याच भागात इतकं वाढलं, यामागे इतिहास आहे. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. तिथं आधी लोखंडी नांगर झाले, मग पंप. साताऱ्याच्या बाजूला सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी 1922 साली कारखाना काढला. तिथंही सुरुवात नांगरांनी झाली आणि पुढं डिझेल इंजिनं बनू लागली. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. लोखंड आणि तेल या दोन्हींच्या जोरावर या दोन जिल्ह्यांची शेती बदलली.

त्याआधी मोट होती. आमचे दादा दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकायचे. पहाटेपासून बैल उतारावरून खाली जायचे आणि उलट्या पावली वर यायचे. दिवसभर राबून जेवढं भिजायचं, तेवढं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन न्याहारीच्या आत भिजवायचं. दादांच्या खांद्याला नाड्याचा घट्टा होता. अब्बांच्या खांद्याला तो नाही. मला त्या मुलीला हे सांगायचं होतं. लोकांनी डिझेल धरलं ते माणसाची आणि जनावराची पाठ मोकळी झाली म्हणून.

आणि त्याच डिझेलवर माझं शिक्षण झालं. बी.एस्सी., बी.एड., सगळं. बहिणीचं लग्नही.

आता दुसरी बाजू. तीन वर्षांपूर्वी अब्बांचा खोकला थांबेना, म्हणून त्यांना तपासायला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “विडी, सिगारेट?” अब्बांनी आयुष्यात कधी ओढली नाही. “धंदा काय करत होता?” यावर मीच उत्तर दिलं. डॉक्टर नुसते “हं” म्हणाले. फुप्फुसं अर्धीमुर्धी चालतायत, असं रिपोर्ट सांगत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक म्हटलंय. हे मी वर्गात सांगतो. अब्बांना कर्करोग नाही, अल्लाहचा शुक्र. पण बंद शेडमध्ये चालू इंजिनशेजारी चाळीस वर्षं घेतलेला श्वास कुठं जाणार? कानांचंही तेच. फोनवर त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं.

फळ्यावरची ती रेघ मला तेव्हापासून खटकते. फायदे आणि तोटे तिथं शेजारी शेजारी असतात, जणू एकाच माणसाच्या वाट्याला आलेत. तसं नसतं. ऊस बागायतदाराचा वाढला, धूर मिस्त्रीनं गिळला. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर डिझेलचं वजन किलोलाही कमी, पण त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो. हा वायू बांधावर थांबत नाही.

वीज आली, इंजिनं भंगारात गेली, म्हणून सुटलो असंही नाही. साताऱ्यात कोयना आहे, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, म्हणून आपली वीज स्वच्छ, असं आपल्याला वाटतं. पण राज्याची बहुतेक वीज कोळशाची आहे. कराड तालुक्यातल्या टेंभूजवळ उपसलेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढत आटपाडीपर्यंत जातं. दुष्काळी शिवारात पाणी आलं, हा मोठाच फायदा. त्या पंपांच्या विजेसाठी जळणाऱ्या कोळशाची राख मात्र चंद्रपूरच्या लोकांच्या अंगणात पडते. डिझेलचा धूर निदान आमच्या डोळ्यांत जायचा. आता तो दिसत नाही, एवढाच फरक.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गॅरेजमध्ये शिरली. पत्र्यापर्यंत पाणी होतं. एका पुराचा दोष एखाद्या इंजिनला देता येत नाही. पण हवा एक अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि तो पाऊस कुठंतरी कोसळणारच. पाणी ओसरल्यावर अब्बा गाळातून पाने शोधत होते.

गेल्या ईदला गावी गेलो तेव्हा शेजारच्या मळ्यात सौर पंप बसलेला. ना आवाज, ना धूर. मी म्हणालो, “अब्बा, हे आधीच आलं असतं तर तुमची छाती वाचली असती.” ते बराच वेळ पंपाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “ढग आले की हा बसतो. आपलं इंजिन कधी बसलं नाही.” थोड्या वेळानं पुन्हा, “ज्यानं पोट भरलं त्याला नावं ठेवू नये, पोरा.”

मी वाद घातला नाही. खाल्ल्या मिठाला जागावं, हे मलाही मान्य आहे. पण मीठ खाल्लं म्हणून हिशेब विचारायचा नाही, असं थोडंच आहे? जमिनीखालचं तेल आणि कोळसा तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली. आपण ते दोन-तीन पिढ्यांत उडवतोय. आपल्याकडं याला अमानत म्हणतात. अमानत वापरली तर तिचा जबाब द्यावा लागतो.

यंदा तो धडा आला तेव्हा मी फळ्यावर दोन रकाने काढलेच, पण प्रत्येकाखाली आणखी एक ओळ लिहायला सांगितली: ‘कोणाला?’ मुलांना अर्ध्याहून जास्त जागा भरता आल्या नाहीत. मग मी त्यांना अब्बांबद्दल सांगितलं. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

त्या संध्याकाळी अब्बांना फोन केला आणि आज वर्गात तुमचा धडा घेतला, असं ओरडून सांगितलं. त्यांना ऐकू आलं की नाही, कळलं नाही. ते म्हणाले, “जेवलास का?”