न झालेली झुंज

माझा आणि वडिलांचा एक वाद तीस वर्षें चालला, आणि तो मिटण्यापूर्वींच वडील गेले. वजनदार गटाचे दोन जगज्जेते मुष्टियोद्धे, रॉकी मार्सियानो आणि महंमद अली, ऐन भरांत समोरासमोर ठाकले असते, तर कोण जिंकला असता ? वर्गांत मी मुलांना बजावतों, कीं दोन युगांतले कवि एका तराजूंत घालूं नयेत. घरीं मात्र हा नियम मीं कधीं पाळला नाहीं.

वडील मार्सियानोचे. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ सालीं अजिंक्य राहूनच निवृत्ति ! मी म्हणें, अलीच्या पायांची चपळाई त्यानें पाहिली होती कोठें ?

गंमत अशी, कीं १९६९ सालीं दोघांची लुटुपुटीची झुंज चित्रित झाली. निरनिराळे शेवट रंगविले गेले, आणि निकाल संगणकाकडे सोंपविला. अमेरिकेंत तेराव्या फेरींत मार्सियानो जिंकला. युरोपांतल्या प्रतींत अली! वाद होता तेथेंच राहिला. १९७० च्या जानेवारींत चित्रपट झळकला, पण मार्सियानो आदल्या ऑगस्टांतच विमान-अपघातांत गेला होता. आपण जिंकलों, हें त्याला कळलेंच नाहीं.

परवां मुलगा म्हणाला, "बाबा, टायसनपुढें दोघेही टिकले नसते !" मी ताडकन् ४९ चा आंकडा त्याच्यापुढें टाकला. मग ध्यानांत आलें, हा युक्तिवाद माझा नव्हे. वडील अखेर जिंकले होते. त्यांनाही तें कळलें नाहीं.