संयमाचे सहा महिने

व्यापारी घरात सून आली की वर्ष-दोन वर्षांत पाळण्याची वाट पाहिली जाते. ही प्रतीक्षा मायेची असते. परंतु जिला ल्युपससारखा आजार आहे, तिच्यासाठी तीच प्रतीक्षा ओझे होऊन बसते. या आजारात शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच सांधे, त्वचा, मूत्रपिंडे यांच्यावर उलटते. दहा रुग्णांपैकी जवळजवळ नऊ स्त्रिया असतात आणि बहुधा संसार मांडण्याच्या वयातच आजार प्रकट होतो.

कापडाची पेढी असलेल्या एका कुटुंबात सून म्हणून आलेल्या मुलीची हकीकत अनेक घरांना ओळखीची वाटेल. तिचा आजार लग्नापूर्वीच कळला होता. सोयरीक मोडेल या भीतीने माहेरच्यांनी तो सांगितला नाही. गालांवरचे लालसर चट्टे उन्हाचे ठरले आणि गोळ्या साड्यांच्या घडीखाली लपल्या. दिवस गेल्याचे कळताच, औषध बाळाला बाधेल या समजुतीने तिने गोळ्या स्वतःच बंद केल्या. आजार उसळला, पायांवर सूज चढली, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि चौथ्या महिन्यात गर्भ गेला. ‘तिच्या कर्माचा उदय’ असे नात्यातले कोणी बोलून गेले. कर्मसिद्धांत स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर निकाल देण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही.

पुढील तपासणीत तिच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आढळली. त्यांच्यामुळे गर्भाला पोसणारी वार नीट काम करीत नाही, रक्ताच्या गुठळ्याही होऊ शकतात आणि गर्भपाताचा धोका वाढतो.

ल्युपस म्हणजे वंध्यत्व, हा समज चुकीचा आहे. बहुतेक स्त्रियांची गर्भधारणेची क्षमता शाबूत असते. सायक्लोफॉस्फमाइड या औषधाने ती घटू शकते, म्हणून ते सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी त्याविषयी बोलावे. महत्त्व आहे ते वेळेला. गर्भधारणेपूर्वी निदान ६ महिने आजार शांत असावा लागतो. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक असल्याने आधीच थांबवून त्यांच्या जागी अॅझाथायोप्रिनसारखे औषध द्यावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवावयाचे असते. या मुलीने बंद केले ते नेमके हेच. आईच्या रक्तात ‘रो’ प्रतिपिंडे असतील तर सुमारे १०० पैकी २ बाळांच्या हृदयाचे ठोके गर्भातच मंदावतात, म्हणून त्या तपासणीचाही आग्रह धरावा.

जैन घरात याला आणखी दोन प्रश्न जोडले जातात. पहिला तपाचा. मूत्रपिंडे दुबळी असताना निर्जळ उपवास किंवा औषध चुकवणारा चौविहार अपायकारक ठरू शकतो. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितले आहेत आणि समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचा आगार त्यांत आहे. दुसरा प्रश्न अधिक कठीण. अँटिफॉस्फोलिपिडसाठी कमी मात्रेच्या अॅस्पिरिनसह हेपॅरिनची इंजेक्शने दिली जातात आणि हेपॅरिन डुकराच्या आतड्यांपासून बनते. फोंडापॅरिनक्स हा कृत्रिम पर्याय आहे, परंतु गरोदरपणात त्याचा अनुभव पुष्कळ कमी. श्रावकाचे अणुव्रत प्रथम संकल्पी हिंसेचा त्याग सांगते. येथे हिंसेचा संकल्प नाही, तरीही मनाला टोचणी लागते आणि लागावी. या कुटुंबाने डॉक्टरांना स्पष्ट विचारले, साध्वीजींपुढे मन मोकळे केले आणि प्रायश्चित्ताच्या भावनेने इंजेक्शने स्वीकारली. दुसरे घर वेगळा निर्णय घेईल. मात्र तो जिच्या देहाचा प्रश्न आहे, तिच्या संमतीवाचून होऊ नये.

निर्णयापूर्वी तिने पतीला आणि सासूबाईंना सारे सांगितले होते. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आता गोळ्या देवघराशेजारच्या फडताळात ठेव, म्हणजे मलाही आठवण राहील.” मग ते ६ महिने सर्वांनी मिळून पाळले. कोणी पाळण्याचा विषय काढला नाही. पुढे ३७व्या आठवड्यात मुलगी झाली, वजनाने थोडी हलकी, पण सुखरूप.

प्रत्येकीला हे फळ मिळेलच असे नाही. मूत्रपिंडे किंवा फुप्फुसे फार बिघडली असतील तर डॉक्टर गर्भधारणा टाळण्यास सांगतात. अशा वेळी दत्तक घेण्याचा मार्ग आहे, आणि मूल नसलेले घरही पूर्णच असते.

आपल्या समाजात सोयरीक ठरवताना परिचयपत्रात शिक्षण, उंची, व्यवसाय, मामांचे गाव, सारे लिहिले जाते. पेढीवरचे देणे लपवून भागीदारी करणाऱ्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही. आजाराची गोष्टही साखरपुड्यापूर्वी, दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांसमोर शांतपणे सांगितली जावी. मुलीकडच्यांना ती निर्भयपणे सांगता यावी, एवढा विश्वास देणे मात्र मुलाकडच्यांच्या हाती आहे.