भात्यावाचून पेटी

मिडी कीबोर्ड खोक्यातून काढून टेबलावर ठेवला आणि कशालाही न जोडता वाजवला, तर नुसती प्लास्टिकची टपटप ऐकू येते. आत स्पीकर नाही, सूर नाहीत, तारा नाहीत. पट्ट्या आहेत, डावीकडे दोन चाकं आहेत, थोडी बटणं आहेत आणि मागे यूएसबीचं भोक. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "कॅसिओ आणलात वाटतं?" मी हो म्हणालो. वास्तविक कॅसिओ चालू केला की निदान वाजतो तरी. हे वाद्य जन्माचं मुकं आहे आणि मुकं आहे म्हणूनच कामाचं आहे, हे दारात उभ्या माणसाला कसं समजवायचं?

पट्टी दाबली की हे वाद्य संगणकाला निरोप धाडतं, की अमुक क्रमांकाची पट्टी अमुक वेगाने खाली गेली. सोडली की दुसरा निरोप, ती वर आली. संपलं. क्रमांक ० ते १२७. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१, पांढरी चार म्हणजे ६५. त्या ६० क्रमांकाला काही कंपन्या 'सी ३' म्हणतात, काही 'सी ४', आणि दोन्ही आपलंच खरं म्हणतात; आकड्याबद्दल मात्र कुणाचा वाद नाही. निरोपात आवाजाचा मागमूसही नसतो. तो सूर पियानोचा काढायचा, बासरीचा की सारंगीचा, हे संगणकातलं सॉफ्टवेअर ठरवतं आणि आपला विचार बदलला तर तेही बदलतं. रात्री पियानोत वाजवलेली चाल सकाळी बासरीत ऐकावी, पुन्हा न वाजवता. टेपरेकॉर्डरने आवाज साठवला होता. इथे हाताची हालचाल साठते.

मिडी ही निरोपांची भाषा जुनी आहे. १९८० च्या आसपास सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या जोडण्या वेगवेगळ्या असत, त्यामुळे एकीचं वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलत नसे. अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात एक प्रॉफेट-६०० आणि एक ज्युपिटर-६ अशी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एका वायरने जोडली गेली आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. या भाषेच्या वापराबद्दल कुणी कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असंही ठरलं. दोघांना २०१३ साली तंत्रासाठीचं ग्रॅमी मिळालं. आता दोघंही नाहीत. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, पण पहिली अजून सगळीकडे चालते. १९८३ चं वाद्य आजच्या संगणकाला जोडता येतं. माझ्या मोबाइलची गेल्या खेपेची वायर यंदाच्या मोबाइलला चालत नाही, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक.

घरात ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्याला मुकेपणाची किंमत लगेच कळते. पेटीसमोर माइक ठेवला की पेटीबरोबर पंखा येतो, कुकरच्या शिट्ट्या येतात, खालून भंगारवाला येतो, आणि दार उघडं राहिलेल्या लिफ्टमधल्या बाई 'कृपया दरवाजा बंद करा' हे आळवत राहतात. शिवाय पेटीचे स्वतःचे आवाज असतातच, भात्याचा सुस्कारा आणि पट्ट्यांची खटखट. मैफलीत ते ऐकूही येत नाहीत. माइक ते वाढवून दाखवतो. मिडी कीबोर्डला कान नाहीत. रात्री अकरानंतर हेडफोन लावून मारवा वाजवा, घरातल्यांना कळतही नाही, आणि मारवा सगळ्यांना सोसतो असंही नाही.

सुरुवात करताना पहिला अडथळा येतो तो उशिराचा. पट्टी आत्ता दाबली, सूर मागाहून आला. कीबोर्ड बिघडलाय असं वाटून लोक तो परत करायला निघतात. दोष त्याचा नसतो. त्याचा निरोप साधारण एका मिलिसेकंदात पोचलेला असतो. संगणक आवाज तयार करून थोडा थोडा साठवतो आणि मग बाहेर सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर. हवेतून आवाज तेवढ्या वेळात जवळजवळ आठ मीटर जातो. म्हणजे पेटी हॉलच्या त्या टोकाला आणि बोटं या टोकाला! बफर १२८ वर आणला की ती एका मीटरवर येते, जिथे ती नेहमीच असते. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ जातीचा ड्रायव्हर लागतो, मॅकवर तेवढीही खटपट नाही. आणि ब्लूटूथचे हेडफोन वाजवताना वापरू नयेत. त्यांचा उशीर बफर कितीही उतरवला तरी जात नाही. सॉफ्टवेअर कुठलं, यावर लोक तासन् तास बोलतात. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, विंडोजवर रीपर साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतो. सुरुवातीला दोन्ही सारखीच परकी वाटतात आणि नंतर दोन्ही पुरतात.

खरी गंमत यापुढे आहे. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा पितळी सुरावरून जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, झडप उघडली ती उघडली. लहानमोठं करणं भात्याचं काम, बोटांचं नव्हे. मिडी कीबोर्डच्या पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, त्यावरून वेग मोजला जातो आणि १ ते १२७ मधला एक आकडा नोंदला जातो. हा आकडा पडद्यावर दिसतो. पेटीवाल्याच्या दृष्टीने हा बोटांचा वैद्यकीय अहवालच. पेटीने ज्याची कधी दखलच घेतली नाही तो करंगळीचा अशक्तपणा, मधल्या बोटाचा दांडगेपणा, तान उतरताना शेवटच्या दोन सुरांची होणारी उपासमार, सगळं आकड्यांत मांडलेलं. पियानो शिकलेल्या मुलांना हे लहानपणीच कळतं. आपली बोटं या बाबतीत निरक्षर राहिली, कारण त्यांना गरज नव्हती.

आणि डावा हात? तो टेबलावर लग्नघरी कामावाचून उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा होतो. पेटीवाल्याचा डावा हात सतत कामात असतो. भाता एकसारखा मारणं हे पहिलं शिक्षण. मग कुठे दाबून धरायचा, कुठे सोडायचा, गायकाने स्वर लांबवला की त्याच्या दमाबरोबर आपली हवा कशी पुरवायची, हे सगळं त्या हाताचं. गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्या पेटीबद्दल आपण 'गाते' म्हणतो, तेव्हा उजव्या हाताच्या बोटांचं कौतुक करतो. निम्मं गाणं डाव्या हाताचं असतं. भात्यावाचून पेटी म्हणजे श्वासावाचून गळा.

तर त्या रिकाम्या हातासमोर दोन चाकं आहेत. एक चाक सोडलं तरी जागच्या जागी राहतं, ते मॉड्युलेशनचं. व्हायोलिन-चेलोच्या ताफ्याचे जे चांगले नादसंग्रह मिळतात, त्यांपैकी पुष्कळांत सुराचं लहानमोठं होणं याच चाकाला जोडलेलं असतं. मिडीत या चाकाचा नियंत्रण क्रमांक १. उजव्या हाताने स्वर धरायचा आणि डाव्याने चाक पुढे ढकलत तो फुलवायचा, मागे घेत मिटवायचा. पियानोवाल्यांना ही गोष्ट मुद्दाम शिकावी लागते, कारण त्यांच्या वाद्यात सूर एकदा उठला की तो विरतच जातो. आपल्याला ती उपजत येते. बोटांच्या बाबतीत मागे पडलेला पेटीवाला इथे पियानोवाल्याच्या पुढे निघतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी ऑर्गन वाजवला आहे त्यांना आणखी एक सोय आहे. संगीत नाटकाचा ऑर्गन पायाने हवा घेई आणि दोन्ही हात मोकळे राहत. एक्स्प्रेशन पेडल जोडलं तर तेच सुख परत मिळतं. सूर धरून ठेवणारं सस्टेन पेडल वेगळं, त्याचा क्रमांक ६४, आणि पेटीच्या हाताने वाजवताना त्यावर पाय फारसा ठेवू नये. सूर एकमेकांत कालवले जातात.

दुसरं चाक स्प्रिंगचं, सोडलं की मध्यावर येणारं. ते सूर वाकवतं. या चाकापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळतो, कारण पेटीवरचा जुना आरोप इथे येऊन थांबतो. पेटीचे बारा सूर ठोकून बसवलेले, तिला मींड नाही, श्रुती नाहीत, ती आपल्या गाण्याला लायक नाही, असं म्हणत १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवलं. ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडावं लागलं. तीस वर्षं पेटी रेडिओबाहेर आणि घरोघरी, देवळोदेवळी आत. आरोप खोटा नव्हता. शिक्षा मात्र फारच लांबली. मिडीच्या या चाकाला मधोमध ८१९२ धरून एकूण १६,३८४ पायऱ्या आहेत. नेहमीच्या बसवणुकीत ते दोन्ही अंगांना दोन-दोन अर्धस्वर वाकवतं, म्हणजे एका अर्धस्वरात ४०९६ पायऱ्या. बावीस श्रुतींचा हिशेब त्यात कुठेही मावतो. दरबारीचा गंधार त्यावर आंदोलित करता येतो, अर्थात अंगठ्याला संयम असेल तर. नाहीतर तो गंधार दारू प्यायल्यासारखा डुलतो. एक काळजी मात्र घ्यायची. चाक फिरवलं की त्या चॅनलमधले सगळेच सूर एकदम वाकतात. म्हणून धरलेला षड्ज दुसऱ्या चॅनलवर ठेवावा. चॅनल सोळा आहेत, कंजुषी करायचं कारण नाही.

मुंबईत चरणजित सिंग यांनी हे मिडी येण्यापूर्वीच करून ठेवलं आहे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेऊन, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्यावेळी कुणी फारसं विचारलं नाही. पुढे वीसेक वर्षांनी परदेशातल्या लोकांना ती तबकडी सापडली आणि ते चक्रावून गेले. त्यातले सूर जिथे एकमेकांत सरकत जातात तिथे मला नेहमी वाटतं, की यंत्रात मींड होतीच, ती मागणारा माणूस भेटायचा होता.

माझा पुतण्या तबला शिकतो. त्याला रियाजाला लेहरा, म्हणजे तबल्याखाली फिरत राहणारी चाल, हवा होता, तीनतालातला, चंद्रकंसातला. हे काम मिडीला अगदी साजेसं. एकदा वाजवला की लय हवी तेवढी वाढवा, सूर चढत नाही. पट्टी काळी एकवरून पांढरी चारवर न्या, लय हलत नाही. टेपवर यातलं एक केलं की दुसरं बिघडायचं. (फार विलंबितात नेला तर मात्र सुरांमधल्या जागा ओस पडतात, तिथे नवा वाजवावा लागतो.) पडद्यावर लेहऱ्याचे सूर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात, पियानोच्या जुन्या कागदी गुंडाळ्यांवर भोकं असत तसे, म्हणून त्या चौकटीला पियानो रोलच म्हणतात. काही पट्ट्या मात्रेच्या रेघेआधी सुरू होत होत्या, काही नंतर. पुतण्याने उत्साहाने क्वांटाइझचं बटण दाबलं. सगळे सूर रेघेवर. मग जोराचे आकडेही एकसारखे करून टाकले. त्यावर तबला धरून तो थोडा वेळ बसला आणि म्हणाला, "काका, सम येते हो. पण येतेय असं वाटत नाही."

मूळचं परत आणून आम्ही पडद्यावर नीट पाहिलं. समेआधीचे तीन सूर रेघेपासून किंचित मागे रेंगाळत होते, त्यांचा जोर चढत गेला होता आणि सम बरोबर रेघेवर होती. मुखडा समेला ओढून आणतो असं गुरुजी सांगत, ते तिथे मोजून दाखवता येत होतं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. साथ करणाऱ्या कुणाच्याही हातात ते असतं. क्वांटाइझला प्रमाण ठरवून देता येतं, सूर रेघेकडे निम्मेच सरकवा असं सांगता येतं, आणि मधल्या एखाद्या खरोखर चुकलेल्या सुराला तेवढंच हलवता येतं. समेजवळच्या सुरांना मी कुणालाही हात लावू देत नाही. पुतण्याला आता ते बटण फारसं आवडत नाही. त्याच्या क्लासमधली बाकीची मुलं इंटरनेटवरच्या सरळसोट लेहऱ्यांवर रियाज करतात आणि त्यांची सम घड्याळाच्या ठोक्यासारखी पडते. त्यांना त्यात काही खटकत नाही, हे मला खटकतं.

घेणार असाल तर एवढं पाहा. आपली पेटी साधारण साडेतीन सप्तकांची असते, म्हणून ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. २५ चा घेतला तर तान अर्ध्यात भिंतीला लागते आणि सप्तक बदलायचं बटण शोधत बसावं लागतं. ८८ चा पियानो शिकणाऱ्यांनी घ्यावा. पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात, बारीक नकोत. मागे पेडलचं भोक हवं. आणि दुकानात सगळ्यात आधी डाव्या बाजूला पाहा. स्वस्त, लहान मॉडेलांत चाकांऐवजी नुसती बटणं नाहीतर बोट सरकवायच्या पट्ट्या असतात. पेटी वाजवणाऱ्याने ते घेऊ नये, मग कितीही सवलत मिळो.