वर्षाला चोवीस पुस्तके

आमच्या गटाचा नियम साधा आहे. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रत्येकाने चोवीस पुस्तके वाचायची. बारा मराठी, बारा उर्दू. ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्यांनी ती देवनागरीत किंवा मराठी अनुवादात वाचली तरी चालतील. त्यात एक आत्मकथन हवे, एक नाटक, एक कवितासंग्रह, एक १९५० पूर्वीचे आणि एक असे, की ज्याच्याशी आपले पटणार नाही याची आपल्याला आधीच खात्री आहे. पुस्तक संपले की वहीत हाताने चार ओळी लिहायच्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणा एकाच्या घरी जमायचे. चहा यजमानाचा, बिस्किटे येणाऱ्यांची.

२०२१ च्या जानेवारीत हे सुरू झाले. लॉकडाऊनमध्ये सोलापुरातली वाचनालये कितीतरी दिवस बंद होती. घरातली पुस्तके एकमेकांकडे फिरवता फिरवता आमचा गट जमला. आम्ही अकरा जण आहोत. पाच शिक्षक, एक होमिओपॅथी डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, यंत्रमागाचा छोटा कारखाना चालवणारे एक भाई, कॉलेजात शिकणारी दोन मुले आणि फॉल-पिको करून घराला हातभार लावणाऱ्या एक आपा.

चोवीस हा आकडा ऐकला की लोक डोळे मोठे करतात. पण मी शिक्षिका आहे, हिशेब करून दाखवते. रोज वीस पाने वाचली तर वर्षाची ७,३०० होतात. चोवीसने भागले तर एका पुस्तकाला तीनशेच्या वर पाने येतात. मराठीतल्या कितीतरी गाजलेल्या कादंबऱ्या त्याहून लहान आहेत. वीस पानांना मला मराठीत अर्धा तास लागतो, उर्दूत त्याहून थोडा जास्त. एवढा वेळ आपला मोबाईल रोज खातोच.

हिशेब सोपा असूनही आपण शिक्षक वाचत नाही. बी.एड. झाले, नोकरी लागली की आपल्या हातात पाठ्यपुस्तक, मूल्यमापनाच्या नोंदी आणि वरून आलेली परिपत्रके एवढेच उरते. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. मुलांना मैदानात बसवून तासभर वाचायला लावतो, फोटो काढतो आणि फोटो वर पाठवतो. त्या तासात स्वतः पुस्तक उघडून बसलेले शिक्षक किती असतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. मुले आपल्याकडे बघून शिकतात, आपले ऐकून फार कमी.

आमच्या या उपक्रमात सगळ्यात मोठी उडी घेतली ती बँकेतल्या काकांनी. त्यांना उर्दूची ओढ जुन्या चित्रपटगीतांमुळे लागलेली. पहिल्याच बैठकीत ते मला म्हणाले, "मॅडम, अनुवाद वाचून माझं समाधान होणार नाही. मला अलिफ-बे शिकवा." त्या वेळी त्यांचे वय चौसष्ट होते. मी त्यांना पहिलीचे उर्दू बालभारती दिले. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, ही अडचण चार दिवसांत मिटते. खरी अडचण पुढे येते. अक्षर शब्दात बसले की रूप बदलते आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. मीम, लाम आणि काफ ही तीन अक्षरे एकत्र लिहिली तर त्यांचे मुल्क म्हणजे देश होईल, मलिक म्हणजे राजा होईल, मलक म्हणजे फरिश्ताही होईल. कोणते, ते पुढचा-मागचा मजकूर सांगतो. काका डोक्याला हात लावून म्हणाले, "म्हणजे वाचायच्या आधी समजलं पाहिजे!" मी म्हटले, "काका, तुम्ही बँकेत डॉक्टरांच्या सह्या ओळखायचात, तसंच."

त्या वर्षी त्यांच्या यादीतले पहिले उर्दू पुस्तक म्हणून पहिलीचे बालभारती लिहिले गेले. ते मोजायचे की नाही यावर मतदान झाले. अकराच्या अकरा हात वर. आज काका अडखळत का होईना, मंटोच्या कथा मूळ लिपीतून वाचतात. एका पानाला दहा मिनिटे लागतात, पण अर्थासाठी मला फोन येतो तो आता आठवड्यातून एखादाच.

सगळेच महिने असे गोड गेले नाहीत. 'पटणार नाही' या सदरात आमच्या कारखानदार भाईंनी हमीद दलवाईंची 'इंधन' निवडली. १९६५ सालची ही कादंबरी. आजारपणानंतर बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक माणूस, त्याचे घर, गावातले हिंदू-मुसलमानांचे जुने लागेबांधे आणि ते तुटत जाण्याची गोष्ट. पुस्तकाचे नाव गटात आले आणि वातावरण बदलले. एक सर म्हणाले, "दलवाई आपल्या घरात कशाला? घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडणारा माणूस." दुसरीकडून उत्तर आले, "चव्हाट्यावर न मांडता कोणती भांडणं सुटली आजवर?" आवाज चढले. दोघांनी रात्रीतून गट सोडला.

पुढच्या रविवारी भाईंनी कादंबरी आणली, टेबलावर ठेवली आणि विचारले, "ही पूर्ण कुणी वाचली आहे?" चार हात वर आले. विरोध करणाऱ्यांतला एक आणि बाजू घेणाऱ्यांतले तीन. बाकी सगळे माणसावर बोलत होते, पुस्तकावर नाही. तेव्हापासून आमचा एक नियम वाढला. जे पुस्तक आपण शेवटच्या पानापर्यंत वाचले नाही त्यावर बैठकीत बोलायचे नाही. गट सोडलेले दोघे महिन्याभराने परत आले. त्यांतल्या सरांनी 'इंधन' वाचली होती. दलवाईंच्या विचारांशी त्यांचे आजही पटत नाही आणि ते तसे स्पष्ट सांगतात. पण कादंबरीबद्दल ते म्हणाले, "हा माणूस आपल्या घरांतली कुजबुज कान देऊन ऐकणारा आहे. एवढं मी मानतो." मला वाटते, वाचनाने माणसाचे मत बदललेच पाहिजे असे नाही. त्याच्या मताला पाया आला तरी पुष्कळ.

ज्या शहरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्या शहरात आम्ही राहतो. 'मुसलमान आणि मराठी?' असे आजही कुणी आश्चर्याने विचारले की मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव घेते. सतराव्या शतकातल्या या संतकवीने 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर अमर शेख तर आमच्या शेजारच्या बार्शीचे. पण नुसती नावे घेऊन काय होणार? ती वाचली पाहिजेत. आमच्या बारा मराठी पुस्तकांमागे हीही एक भूक आहे. आणि बारा उर्दू पुस्तकांमागे भीती आहे, की आमची इंग्रजी शाळेत जाणारी मुले नानीच्या पत्रातली एक ओळही वाचू शकणार नाहीत. २०२१ च्या डिसेंबरात राष्ट्रीय उर्दू परिषदेचा पुस्तक मेळा मालेगावला भरला, तेव्हा आमच्यातले दोघे तिथे गेले आणि दोन पिशव्या भरून पुस्तके घेऊन आले. जुनी, बाजारात न मिळणारी उर्दू पुस्तके आम्ही 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर वाचतो. मराठीसाठी वाचनालये आहेतच.

आता आपांविषयी. फॉल-पिकोचे मशीन, सासू, तीन मुले आणि नवऱ्याची पाळी बदलत जाणारी नोकरी. दुसऱ्या वर्षी जुलैपर्यंत गटातल्या कुणाची पंधरा पुस्तके झाली होती, कुणाची वीस. एका कॉलेजकुमाराने चाळीस पार केली होती. बैठक सुरू व्हायची तीच आकड्यांनी. आपांचा आकडा होता दोन. त्या रविवारी त्या आल्या नाहीत. मेसेज आला, "माझ्याकडून होत नाही. माझ्यामुळे तुमचा हिशेब बिघडतो. माफ करा."

मी आणि डॉक्टरबाई त्यांच्या घरी गेलो. मशीनच्या बाजूला, साड्यांच्या गठ्ठ्याखाली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होती. पानांत खूण म्हणून फॉलची एक पट्टी घातलेली. आपा म्हणाल्या, "रात्री सगळे झोपले की पंधरा मिनिटं मिळतात. कधी तीही नाही. पण ही बाई माझ्याशी बोलते." आणि मग त्या अर्धा तास लक्ष्मीबाईंवर बोलत राहिल्या. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, तेव्हा ही बाई किती एकटी पडली असेल. मग पाच वर्षांनी तिने स्वतः तो निर्णय घेतला, तो नवऱ्याच्या मागून फरफटत जाऊन नाही, स्वतःला पटल्यावर. आणि एवढे दुःख सांगताना ती हसवते कशी? आमच्यातल्या वीस-वीस पुस्तके वाचणाऱ्यांपैकी कुणीही एका पुस्तकावर इतके बोलले नव्हते.

पुढच्या बैठकीत नियम बदलला. आकडा ज्याने त्याने आपल्या वहीत ठेवायचा, तोंडाने सांगायचा नाही. बैठकीत फक्त एक प्रश्न असतो, "या महिन्यात कोणतं पान मनात राहिलं?" आपा परत आल्या. त्यांनी त्या वर्षी किती पुस्तके वाचली हे मला माहीत नाही आणि मी विचारलेलेही नाही. स्पर्धेचा उपयोग माणूस सुरुवात करतो तोवर. पुढे ती वेळ असणाऱ्यांना पुढे नेते आणि वेळ नसणाऱ्यांना, म्हणजे बहुतेक वेळा बायकांना, दाराबाहेर ठेवते. शम्सुर्रहमान फारुकींची 'कई चाँद थे सरे आसमाँ' आठशेहून अधिक पानांची आहे. आमच्या भाईंनी ती तीन महिने वाचली. तिचीही गणना एकच आणि पन्नास पानांच्या पुस्तिकेचीही एकच. अशा मोजणीवर कुणाला लहान-मोठे ठरवणार?

शाळेत मी याच उपक्रमाचे छोटे रूप चालवते. माझे विद्यार्थी उर्दू माध्यमाचे आहेत आणि मराठी त्यांना परकी वाटते. आठवीच्या मुलांना वर्षाला सहा मराठी पुस्तके, एवढेच. सोबत एक शब्दवही. वाचताना जो शब्द घरातला वाटेल तो टिपायचा. पहिल्या आठवड्यात मुले आश्चर्याने सांगत आली, "टीचर, खुर्ची आपली! कायदा आपला! जमीन आपली!" मग आम्ही अर्थ बदललेले शब्द शोधू लागलो. 'दफ्तर' उर्दूत कचेरी, मराठीत दप्तर पाठीवर. 'तालीम' उर्दूत शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा. 'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. सगळ्यात आवडला तो 'शिकस्त'. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत मात्र माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे टीचर, उर्दूत जिथे हरतो, मराठीत तिथे जोर लावतो." माधव ज्यूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला होता, हे मी त्यांना सांगितले. त्यांना वाटते आमची शब्दवही त्याहून जाड होईल. वाटू द्यावे.

याच मुलांना मी माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचून दाखवते. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर आणि शेवटी दुष्काळाने रिकामी होत जाणारी वाडी. ऐकणे हे वाचणे धरायचे का, हा प्रश्न आमच्या गटातही आला होता. एका शिक्षकमित्राच्या वडिलांना दिसत नाही. मुलगा रोज रात्री त्यांना दहा पाने वाचून दाखवतो. आम्ही ठरवले, ते पुस्तक दोघांच्याही वहीत लिहायचे.

तुम्हाला असे काही सुरू करायचे असेल तर चोवीसच्या मागे लागू नका. सहा घ्या. दोन-चार माणसे जमवा, शक्यतो एकाच घरातली, एकाच जातीची, एकाच शाळेतली नकोत. पन्नास पाने वाचूनही पुस्तक धरून ठेवत नसेल तर खुशाल सोडा, दुसरे उचला. वही ठेवा. आणि सहातले एक तरी पुस्तक शेजाऱ्याच्या भाषेतले असू द्या, लिपी येत नसेल तर अनुवादातले.

हे लिहीत असताना माझी यंदाची सतरा झाली आहेत आणि वर्षाचे तीन महिने उरले आहेत. अठरावे इस्मत चुगताईंचे 'टेढी लकीर' असेल. इस्मत स्वतः शिक्षिका होत्या, पुढे शाळांच्या निरीक्षक झाल्या. त्यामुळे शाळेतल्या बायका त्यांनी कशा पाहिल्या, याची मला उत्सुकता आहे. पण पुस्तक सध्या आपांकडे आहे. त्या ते देवनागरीत वाचत आहेत, पंधरा-पंधरा मिनिटे. माझा नंबर त्यांच्यानंतर.