अडकित्त्याची जखम

आमच्या दादांना सुपारी कातरण्याचा फार नाद. जठराच्या दुखण्यामुळें स्वतःला बंदी झाली, तरी आल्यागेल्यांसाठीं ते ती कातरून ठेवीत. त्या वर्षीं आश्विनांत अडकित्ता निसटला आणि अंगठ्याला बारीकशी जखम झाली. अशी जखम एरवीं चौथ्या दिवशीं विसरलीहि जाते. ही मात्र पंधरा दिवस झाले तरी ओलीच. वहिनी हळद लावून थकल्या. मीं डॉक्टरांना विचारलें, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "औषध आपलें काम करीत आहे, त्याचा हा परिणाम."

दादांना जठराचा कर्करोग होता. नित्य टेकडीवर जाणारा माणूस जिन्यांत मध्येंच बसूं लागला, चेहरा पांढुरका पडला. आम्ही सारे वयाला दोष देत राहिलों. वस्तुतः पोटांतल्या गांठीवर व्रण पडून थेंब थेंब रक्त सांडत होतें. तें कळलें तेव्हां शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. एवढ्याशा गांठीजवळ इतकें रक्त आलें कोठून, या एका प्रश्नापायीं मीं वाङ्मयाच्या प्राध्यापकाला न शोभणारीं पुस्तकें रात्ररात्र चाळलीं.

बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनीं १९७१ सालीं याचें उत्तर मांडलें होतें. गांठ एकदोन मिलिमीटरपर्यंत आसपासच्या रसावर कशीबशी जगते. त्यापुढें वाढावयाचें तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, आणि त्या ती शेजारच्या निरोगी वाहिन्यांना धुमारे फोडावयास लावून मिळविते. कित्येक वर्षें विद्वानांनीं हा विचार हंसण्यावारीं नेला. (पदवी जितकी मोठी तितकें हंसूंहि मोठें, हें मीं विद्यापीठाच्या सभांतून पाहिलें आहे.) १९८९ सालीं नपोलिओन फेरारा व त्यांचे सहकारी यांनीं व्हीईजीएफ नांवाचें प्रथिन वेगळें काढलें. प्राणवायु कमी पडलेल्या पेशी तें सोडतात. जवळच्या वाहिनीच्या अस्तरावर तें जाऊन बसलें कीं तिला फांदी फुटते. घाईनें खणलेल्या पाटांप्रमाणें या फांद्या वेड्यावाकड्या आणि झिरपणाऱ्या असतात.

परंतु ही विद्या गांठीची नव्हेच! जखम भरून येते ती हिच्याच बळावर; गर्भ पोसला जातो तोहि हिच्याच बळावर. बांडगूळ निदान स्वतःचीं मुळें तरी आंब्याच्या फांदींत खुपसतें. येथें आंबाच शत्रूला पाट काढून देतो.

दादांना दिलेलें रॅम्युसिरुमॅब हें औषध वाहिनीवरची ती प्रथिनाची जागाच अडवून धरतें. ६६५ रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. नुसत्या पॅक्लिटॅक्सेलवर असलेल्यांपैकीं अर्धे रोगी ७.४ महिन्यांहून अधिक जगले. जोडीला हें औषध मिळालेल्यांत तीच मर्यादा ९.६ महिने होती. त्याच जातीचें बेव्हॅसिझुमॅब आंतड्याच्या कर्करोगांत उपयोगी ठरलें होतें. पण जठराच्या रोग्यांवरील २०११ च्या मोठ्या चाचणींत तेंहि आयुष्य निश्चितपणें वाढवूं शकलें नव्हतें. हे आंकडे वाचून मी ज्येष्ठांत, दवाखान्याच्या ओसरीवर, बोलून गेलों, "दोन महिन्यांसाठीं एवढा खर्च आणि एवढा त्रास?"

दादा आंत झोंपले आहेत अशी माझी समजूत होती.

"अरे, कार्तिकांत सुमीचें बाळंतपण आहे," आंतून आवाज आला. "तुझ्या हिशेबांत तें कुठें बसतें?"

त्या वाक्याला मजजवळ तेव्हां उत्तर नव्हतें. औषध सुरू झालें. रक्तदाब वाढला, तो गोळ्यांनीं आंवरला. कार्तिकांत सुमीला मुलगी झाली. नाळ पडून तिची बेंबी आठदहा दिवसांत सुकली. दादांच्या अंगठ्यावर मात्र पट्टी तशीच होती. बारशाला त्यांनीं नातीला मांडीवर घेतलें तें तो अंगठा जपून वर धरून.

मार्गशीर्षांत रोग पुन्हां वाढूं लागला आणि डॉक्टरांनीं औषध थांबविलें. पुढें कांहीं दिवसांतच ती जखम भरून आली. वहिनींनीं मला हांक मारून मोठ्या आनंदानें दाखविली. मीं अंगठा हातांत घेऊन पाहिला, आणि "छान सुकली" असें म्हणालों. दादा माझ्याकडे पाहत होते.

ते पौषांत गेले.