इंजिन उतरविताना

गोदाकाठचे मंचेरियल २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते स्वतःच्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्गावरील या गावाच्या आसपास सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी आहेत. त्यामुळे एखादे अवजड यंत्र उचलावयाचे म्हटले, की येथे जाणकार शोधीत फार हिंडावे लागत नाही. आमच्या जुन्या फियाटचे इंजिन घरच्या अंगणात उतरविण्याचे धाडस आम्ही केले, ते याच भरवशावर.

ही गाडी आमच्या कैलासवासी तीर्थरूपांनी घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली. हिच्याच जातीच्या गाडीला १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन थांबूनही आता बराच काळ लोटला. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही २९ ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. तेव्हा आमच्या गाडीच्या पोटातून ‘ठक्‌ ठक्‌’ असा आवाज येऊ लागताच एका मेस्त्रीने ती भंगारात देण्याचा सल्ला दिला, यात नवल नाही. पण बासरच्या सरस्वतीचे दर्शन आम्हां भावंडांना प्रथम घडले ते हिच्यातून, आणि दर दसऱ्याला झेंडूची माळ चढते तीही हिलाच. मातोश्रींनी तो सल्ला शांतपणे ऐकून घेतला व आम्हांस एवढेच विचारले, “बाहेर काढाल, पण परत बसवाल ना?”

त्या प्रश्नानेच कामाची रीत ठरवून दिली. आवाज क्रँकच्या बेअरिंगांचा होता आणि क्रँक घासून घ्यावयाची तर इंजिन बाहेर काढणे भागच होते. रविवारी सकाळी चार स्नेही जमले. त्यांतील एक कोळसाखाणीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. साहजिकच सूत्रे त्यांच्याकडे गेली. प्रथम बॅटरीची तार सोडविली, मग पाणी आणि ऑइल काढले. बॉनेट उतरविण्यापूर्वी बिजागरीभोवती खडूने रेघ ओढली, म्हणजे बसविताना जागा चुकावयास नको. रेडिएटर, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा पाइप असे एकेक सुटत गेले. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. प्रत्येक जागेचे नटबोल्ट निराळ्या डबीत गेले. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मातोश्रींनी आपण होऊन पत्करले.

कुणी सुचविले, कडुलिंबाच्या फांदीला चेन-कप्पी बांधावी. खाणवाले स्नेही म्हणाले, “मोडण्याआधी फांदी सांगत नाही.” त्यांनी लोखंडी नळ्यांची भक्कम तिपाई आणविली, तिचे पाय सरकू नयेत म्हणून खाली साखळीने जखडले, आणि लोंबत्या वजनाखाली कुणाचा हातही जाणार नाही अशी ताकीद दिली.

गिअरबॉक्सला खालून जॅकचा टेकू देऊन साखळी ताणली. इंजिन मात्र तसूभरही हलेना. एकाने पहार उचलली. खाणवाल्यांनी ती काढून घेतली. “यंत्र हट्टी नसते. काही सुटावयाचे राहिले असेल,” असे म्हणून ते बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. वर्षांनुवर्षांच्या चिकट मळीआड एक बोल्ट दडला होता. तो सुटताच इंजिन बोटभर पुढे सरकले आणि क्लचमधून गिअरबॉक्सचा दांडा अलगद निघाला.

मग ते डुलत वर येऊ लागले. तेलुगू स्नेही “मेल्लगा, मेल्लगा” म्हणत होते, आम्ही “सावकाश”, आणि ओट्यावरून मातोश्री घरच्या कोंकणीत “सवकास रे”. आज्ञा एकच असल्याने कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. इंजिन लाकडी ओंडक्यांवर टेकले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

तळ उघडला तेव्हा बेअरिंगे झिजलेली व क्रँकवर चरे पडलेले दिसले. ब्लॉक मात्र धड निघाला. म्हणजे भंगाराचा सल्ला घाईचा होता. क्रँक आता लेथवाल्याकडे गेली आहे आणि नव्या मापाच्या बेअरिंगांचा शोध चालू आहे. मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप द्यावयाचे आहे. ते देण्यासाठी चौघेही पुन्हा येणार आहेत. तोवर चिठ्ठ्यांना आणि डब्यांना कुणी हात लावू नये, असा त्यांचा हुकूम आहे.