कातळावरचे बियाणे

मी घाटावरचा. गोगलगाय म्हटली की सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी शंखी गोगलगायच मला आठवते. तिची समुद्रातली भावंडे पाहिली ती मालवणला.

अमावास्येची ओहोटी होती. पाणी दूर हटले होते, समोर १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग आणि अलीकडे उघडा पडलेला काळा कातळ. बायका कोयत्या घेऊन कालवे काढीत होत्या. मी सवयीप्रमाणे एक धोंडा उलटा केला. खाली तिळाएवढे पांढरे ठिपके चिकटलेले.

"भाऊ, दगड होतो तसो ठेवा," एक मावशी म्हणाल्या. "उलटो ऱ्हवलो तर खालचां सगळां सुकान जाता."

इतकी वर्षे सल्ले देणारा मी. निमूटपणे धोंडा होता तसा बसवला.

ते ठिपके म्हणजे समुद्री गोगलगाईच्या अंड्यांच्या पिशव्या. एकेकीत पुष्कळ अंडी. आपल्या शेतातल्या अंड्यातून थेट चिमुकली गोगलगाय निघते. इथे निघते ती नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी अळी. अळी म्हटले म्हणून बोंडअळी डोळ्यांपुढे आणू नका. हिच्या पाठीवर काचेसारखा इवला शंख असतो आणि तोंडापाशी केसाळ अशा दोन पाळ्या. त्या हलवीत ती पोहते, सूक्ष्म शेवाळ खाते आणि प्रवाह नेईल तिकडे कित्येक आठवडे भटकते. बहुतेक जणी कुणाच्या तरी पोटात जातात.

पण आपले बी पडेल तिथे रुजते, ही मात्र जागा पाहून रुजते! तिला पाय फुटतो. कातळावर उतरून ती चाचपते, वर जिवाणू आणि शेवाळाचा बुळबुळीत थर आहे का, आपल्या जातीचा माग लागतो का. मानवले नाही तर पुन्हा पोहू लागते. मानवले की पाळ्या जातात आणि ती सरपटू लागते. मग ओल्या फटीत राहायचे, शेवाळ खरवडून खायचे, समुद्रातला चुना घेऊन शंखाची कड वाढवायची. ओहोटीत ऊन तापले की आत पाणी धरून झाकण लावून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. धोंड्यांना हात लावला नाही. एका फटीत मोहरीएवढ्या दहा-बारा जणी दाटीने बसल्या होत्या.

"गावला काय?" मावशींनी लांबूनच विचारले.

"गावल्या. होत्या तशाच ठेवल्या."